तुळजाबाईंच्या शेतातला खांब

सदाशिव पेठ, पुणे
२२ जून २०२५

चि. तनया हिस,
अनेक आशीर्वाद.

तुम्ही तिघं बरे असाल. अर्णवचा खोकला थांबला का? फ्रिजमधलं पाणी देऊ नकोस म्हटलं की तू हसतेस, म्हणून इथे लिहिते. माझं ठीक आहे. गुडघा दुखतो, पण जिना उतरते. बाबांचे कपडे अजून कपाटात आहेत. स्वेटर वॉचमनला द्यावा असं मनात आहे, पण हात होत नाही.

हडपसर काही लांब नाही आणि फोन तर रोज होतो. तरी पत्र लिहिते आहे, कारण फोनवर माझं बोलणं पुरं होत नाही. मध्ये तुझी मीटिंग येते, नाहीतर मला रडू येतं.

गुरुवारी मी बाबांच्या शेतजमिनीवर जाऊन आले. तुला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर तू म्हणाली असतीस, "आई, प्लीज तिथे जाऊन इमोशनल होऊ नकोस, केस वीक होईल." येत्या मंगळवारी कलेक्टरकडे आपल्या अर्जाची सुनावणी आहे. अर्ज तू लिहिलास, पण जमीन आता माझ्या नावावर आहे आणि सहीही माझी आहे. शेजारच्या तुळजाबाई संमती देत नसल्या तरी त्यांच्या शेतात खांब रोवून, बाबा जिथे जाऊन बसायचे त्या आपल्या शेडपर्यंत वीज आणायची परवानगी द्यावी, असं त्यात लिहिलं आहे. सुनावणीत समोर बसण्याआधी त्या बाईंना एकदा स्वतः विचारावं असं मला वाटलं.

शेडचं कुलूप उघडलं नाही. बाहेरूनच पाहिलं. बाबांनी लावलेल्या पपया कुणीतरी पाणी घालून जगवल्या आहेत. मग कळलं, तुळजाबाईंचा मुलगा रविराज घालतो.

तुळजाबाई समोर त्यांच्या ओसरीवरच होत्या. मला वाटलं होतं, तोंड फिरवतील. बाबांच्या दहाव्याला ओंकारेश्वराच्या घाटावर तू त्यांना सगळ्यांसमोर म्हणालीस, "खांब येऊ दिला असता तर पंखा असता, फोन चार्ज असता. तुमच्यामुळे गेले बाबा." तेव्हा त्या पिंडाला नमस्कार करून निघून गेल्या होत्या. मी तुला थांबवलं नाही. मलाही तेच वाटत होतं.

मी अर्जाचं बोलायला लागले तर त्यांनी आधी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "ताई, मी लाईटीला कवा न्हाई म्हनलं? बांधावरनं घ्या म्हनलं हुतं. हितनं नको म्हनलं."

मला काही समजेना. आपल्याला बाबांनी एवढंच सांगितलं होतं की म्हातारी अडून बसली आहे. रविराज मला त्यांच्या शेतात घेऊन गेला. आंब्याखाली एक सपाट दगड आहे, भोवती छोटे दगड मांडलेले. ती त्याच्या थोरल्या भावाची, संपतची समाधी आहे. संपत ट्रॅक्टर उलटून गेला. तिकडे ज्याच्या त्याच्या शेतातच अग्नी देतात आणि तिथे दगड ठेवतात. त्या दगडावर लाल ऑइलपेंटची फुली आहे. घासून घासून फिकी झाली आहे, पण गेलेली नाही. खांब तिथे यायचा होता.

मी म्हटलं, "वायरमनला माहीत नसेल हो."

तुळजाबाई मागून आल्या होत्या. "वायरमन चपला काढून लांब उभा ऱ्हायला हुता. पुन्याची मानसं चपला देवळात काढत्यात, शेतात न्हाई."

मी रविराजकडे पाहिलं. तो खाली बघत म्हणाला, "काका समोर होते, काकू. त्यांनीच ब्रश घेतला. आईनं सांगितलं होतं त्यांना, कुणाची जागा हाय ते."

माझा विश्वास बसला नाही. बसू द्यायचा नव्हता. मग तुळजाबाईंनी बाबा काय म्हणाले ते सांगितलं. "मेलेल्यांच्या सोयीसाठी जिवंत माणसांनी अंधारात बसायचं का?" त्या स्वतः असं बोलत नाहीत. हे शुद्ध बोलणं, हा टोमणा, तुझ्या बाबांचाच आहे. अठ्ठेचाळीस वर्षं ऐकला आहे मी तो.

तनया, बांधावरून लाइन नेली तर तीन खांब जास्त लागणार होते. एवढंच होतं. बाबांना ती सरळ हवी होती. तुला माहीत आहे, भिंतीवरचं कॅलेंडर जरा तिरकं झालं तरी ते जेवणावरून उठायचे.

आणखी एक सांगायचं आहे. ते इतका वेळ टाळते आहे.

बाबा रोज त्यांच्या ओसरीवर फोन चार्जिंगला लावायचे आणि चहा घ्यायचे. आपल्याला वाटायचं, गावातल्या दुकानात चार्ज करतात. फुलीवरून भांडण झालं आणि त्यांनी तिथे जाणं बंद केलं. गेल्या वर्षी मे महिन्याच्या उन्हात त्या तापलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये बंद फोन घेऊन बसले, पण समोरच्या घरी गेले नाहीत. तुळजाबाईंना दुपारभर शेडचं दार बंद दिसत होतं. म्हणाल्या, "म्या म्हनलं, सायेब रुसल्यात, कशाला जायाचं. मग रविराजला धाडलं. तवर समदं झालं हुतं." तू घाटावर जे बोललीस ते त्या रोज स्वतःला म्हणत असणार.

निघताना त्यांनी रविराजला स्टँपपॅड आणायला सांगितलं. "संमतीचा कागुद आनलाय न्हवं? आंगठा घ्या. कलेक्टरपुढं उभं ऱ्हायाची ताकद न्हाई माझी. फकस्त खड्डा कवा खांदनार ते आदी सांगा. पोराला दुसरीकडं घिऊन जाते."

पोराला म्हणाल्या. दगडाला नाही.

कागद माझ्या पिशवीत होता. मी बाहेर काढला नाही. काय बोलले तेही आठवत नाही. परतीच्या एस.टी.त मला बाबांचा राग आला. ते गेल्यापासून पहिल्यांदा. आपण दोघी मिळून रडत होतो ते आता तसं राहिलं नाही. तुला अजून तसं रडता आलं असतं, ते मी या पत्राने काढून घेते आहे. हे न सांगता अर्ज मागे घेतला असता तर तू मला भित्री म्हणाली असतीस आणि तुळजाबाईंना शिव्या देत राहिली असतीस. मी भित्री ठरले असते तरी चाललं असतं. दुसरं चाललं नसतं.

मंगळवारी मी एकटीच जाईन आणि अर्ज मागे घेत असल्याचं लिहून देईन. तू रजा काढू नकोस. बांधावरून लाइन घ्यायला रविराज आजही तयार आहे. घ्यायची की नाही, मी ठरवलेलं नाही. वीज आली तरी तिथे बसणार कोण?

तुळजाबाईंना फोन कर असं मी म्हणणार नाही. तुझी तू ठरव. पण घाटावरचं तुझं वाक्य परत कुणापुढे म्हणू नकोस. ते खरं नाही.

कुणावर तरी राग धरल्याशिवाय तुला झोप लागणार नाही, मी ओळखते तुला. तो माझ्यावर धर. मी आहे अजून.

तुझी,
आई