चिंधी म्हणजे जाऊ नका

३ नोव्हेंबर

ती. मामास,
सा. न. वि. वि. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाल. आठवीत शाळा सोडलेली, त्यात आईच्या शिवणाच्या दुकानातला हा कॉम्प्युटर. एकेक अक्षर शोधावं लागतं. तोवर राग निवला असेल म्हणशील, तर नाही निवला.

तू डोंगर फिरणाऱ्यांच्या त्या ग्रुपवर आमच्या मागच्या जंगलातल्या वाटेचा फोटो टाकलास. लगेच साठ जणांनी वाट ओळखली. कोणी म्हणे हाच तो वाकडा बुंधा, इथेच आम्ही पायमोज्यातून चहा गाळला. कोणी म्हणे इथेच बायको हो म्हणाली. मग तुलाही चढलं. लिहिलंस की ही वाट मी पन्नासदा केलीय, माझ्या भाचीनं लाल चिंध्या बांधल्यात, त्या बघत चला.

मामा, चिंधी म्हणजे इथून जाऊ नका! जिथे जिथे मी चुकले तिथे मी अस्तराची चिंधी बांधलीय. तुला कसं कळणार? तू दर वेळी ओढ्यापाशीच बसलास, गुडघा धरून.

परवा एक नर्सबाई तिसऱ्या चिंधीवरून कड्याच्या बाजूला उतरल्या. घोटा मोडला. बरोबरचे सगळे दुकानात येऊन विचारायला लागले, कुठल्या बिनडोकानं बांधल्या या. मी मान खाली घालून अस्तर कापत राहिले. येत्या रविवारी चाळीस जण येतायत. त्याआधी ग्रुपवर खरं काय ते लिही.

तुझी भाची

५ नोव्हेंबर

चि. मौनीबाईस अनेक आशीर्वाद.
अगं, केवढी ती आग! समोर असलीस की चार शब्द बोलत नाहीस आणि पत्रात अंगावर धावून येतेस. त्या बाईंचं फार वाईट वाटलं. पण ग्रुपवर सगळे मला गुरुजी म्हणतात. ओढ्याचं सांगितलं तर काय इज्जत राहील? त्यापेक्षा तूच शनिवारी चिंध्या सोड आणि बरोबर वाटेवर बांध. तासाभराचं काम. ताईला नमस्कार सांग. राग सोड, माया धर.

मामा

१० नोव्हेंबर

ती. मामास,
सा. न. तासाभराचं? बावीस चिंध्या आहेत. एकेकीपायी माझा अख्खा दिवस गेलाय. एकीपाशी तर रडून रडून उचकी लागली होती. माझ्या चुका आहेत त्या, तुझी इज्जत झाकायला नाहीत.

गुरुवारी मीच ग्रुपवर लिहिलं. चिंधी म्हणजे जाऊ नका, मामा ओढ्याच्या पुढे कधी गेलेच नाहीत, बाईंचा घोटा आमच्यामुळे मोडला. चिंधीची वेलांटी चुकली म्हणून तिघं हसले. हसोत.

रविवारी चाळीसही आले. मी पुढे चालले. प्रत्येक चिंधीपाशी थांबून इथे मी कशी चुकले ते सांगितलं. पहिल्या दोन ठिकाणी कसंबसं एकेक वाक्य. मग तेही आपण कुठे कुठे हरवलो ते सांगायला लागले, चढाओढच लागली. एका आजोबांनी विचारलं, गुरुजी कुठायत. मी म्हटलं, ओढ्यापाशी बघा.

त्या नर्सबाईंना जाऊन भेट, त्यांच्या तोंडावर माफी माग, मगच मला लिही. तोवर लोभ नाही, काही नाही.

भाची

ता. क. आईला तुझा नमस्कार सांगितला. तिनं काल स्वतःचे केस कापले. कानापर्यंत.