खंडेनवमीचं फास्ट रोमिंग

तीर्थस्वरूप जोतीराममामांस,
सांगलीहून भाचा विश्वजीत याचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त कागदावरच). लोणंदला आपली तब्येत, मामींचे गुडघे आणि नव्या म्हशीचा स्वभाव कसा आहे ते कळवावे. माझं विचाराल तर या दवाखान्यात वायफाय सांभाळतो आणि बोलणी खातो.

तुम्ही फौजेत सिग्नलला होता, म्हणून तुम्हालाच सांगतो. नर्सबाई फोन घेऊन या खोलीतून त्या खोलीत गेली की फोन एक वायफायचा डबा सोडून दुसरा धरतो, नव्यानं ओळख पटवतो, आणि तेवढ्यात कॉल तुटतो. फास्ट रोमिंग चालू केलं की पुढचा डबा ओळख आधीच धरून ठेवतो. पण काही जुन्या फोनना ही रीत कळत नाही, ते नेटवर्कला जोडलेच जात नाहीत. म्हणून म्हटलं, आधी सगळे फोन तपासू. मोठे डॉक्टर म्हणाले, खंडेनवमीला यंत्रांची पूजा आहे, त्याच मुहूर्तावर होऊन जाऊ दे. मीही मान डोलावली (लय शहाणा ना मी).

फोनना हळदकुंकू लागलं, नारळ फुटला, मी बटण दाबलं. नवे फोन झकास चालले, जुने सात मुके झाले. बंद करायला निघालो तर डॉक्टर म्हणाले, मुहूर्तावर सुरू केलेलं दसरा होईपर्यंत मोडायचं नाही. एका दिवसाचा तर प्रश्न, म्हणून तसंच चालू ठेवलं.

दसऱ्याच्या सकाळी सगळे आपट्याची पानं वाटत असताना नऊ नंबरच्या आजोबांनी बेल दाबली. ती आमच्या आया शालूबाईंच्या फोनवर वाजते, आणि त्यांचा फोन त्या सातांतला. तीनदा दाबल्याची नोंद आहे. शालूबाई शेजारच्याच खोलीत चादर बदलत होत्या. आजोबा गेले. मग मी कुणालाही न विचारता रोमिंग बंद केलं, सातही फोन लगेच बोलू लागले. शालूबाई म्हणाल्या, "बाबा, माजा फोन वाजलाच न्हाई रं. का माजंच काय चुकलं?" मी म्हणालो, बघतो.

असो. बाकी सर्व ठीक. मामींना नमस्कार.
आपला, विश्वजीत

ता. क. विट्याच्या कुणा गलाईवाल्याला दुकानात माणूस हवा असेल तर माझं नाव सांगावं. सोनं गाळायला शिकेन.

आणखी ता. क. दुकानाचं राहू द्या. चौकशीच्या कागदावर 'बाईंनी कॉल उचलला नाही' असं लिहिलंय आणि खाली माझी सही आहे. सोमवारी त्यांना कामावरून काढणार, त्यांना अजून माहीत नाही. मामा, रविवारीच या. सही मागं घ्यायला एकट्याचे पाय उचलत नाहीत. आज शालूबाईंनी माझ्यासाठीही भाकरी आणली होती. मी खाल्ली.