तांबूस केस

३ मार्च, सोमवार
ओमाहाहून दीड तासावरच्या ह्या छोट्या गावात, लिपोव्याला, सामानासकट पोचले. बेकरीच्या वरची जागा मिळाली आहे. चौदा पायऱ्या. नऊ खोकी मी एकटीनं वर नेली आणि मध्ये एकदाही टेकले नाही! गेल्या वर्षी फ्रिजमधून दूध काढलं तरी खुर्ची शोधावी लागायची. साध्या तापाचं निमित्त झालं आणि हृदयाची सैल पिशवी झाली. सेहेचाळिसाव्या वर्षी मी दुसऱ्याच्या हृदयासाठी रांगेत उभी होते.
नोव्हेंबरात डॉ. अ‍ॅमडालनी इथल्या दवाखान्यात माझ्याच कातडीपासून नव्या पेशी बनवल्या आणि जांघेतून नळी घालून त्या थेट हृदयाच्या भिंतीत टोचल्या. हृदयाचा पंप वीस टक्क्यांवरून अठ्ठेचाळीसवर आला. वर नोकरीही दिली. त्यांची इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, काढणारी बाई सोडून गेली होती. म्हणाले, तुमचा हात ह्या कामात वीस वर्षं बसलाय, आणि तुम्हाला धडधाकट बघून पेशंटांना धीर येईल ते वेगळंच.
खाली बेकरीवाल्या रोझलीनं खसखस भरलेले गोड पाव, कोलाचे, दिले. तीन खाल्ले. आज फार बरं वाटतंय.

६ मार्च, गुरुवार
हा उपचार घेतलेले माझ्यासकट एकतीसजण आहेत. दर महिन्याला प्रत्येकाचा इको. आज व्हर्नन ह्रुस्का आले, वय एकाहत्तर, धान्याच्या कोठारावर जन्म गेला, डोक्यावर एक केस नाही. जेल लावल्याबरोबर ओरडले, की पोरी, हे गार लोण्यासारखं काय फासतेस, पेशींनी वाचवलं आणि तू थंडीनं मारणार! त्यांची बायको ब्लांश कोपऱ्यातून म्हणाली, "अगं, ह्या माणसाला काळीज आहे का, हे मी त्रेचाळीस वर्षं शोधतेय. सापडलं तर मलाही दाखव हो."
सापडलं. छान हलत होतं. फक्त डाव्या कप्प्याच्या भिंतीत तांदळाएवढा एक पांढरा ठिपका, आणि त्याच्यामागे काळी सावली. काहीतरी टणक. डॉक्टर म्हणाले, कॅल्शियमचा चुना साठतो कधीकधी, नोंदीत ‘चुना’ लिहा.

१४ मार्च, शुक्रवार
तसलाच ठिपका आणखी चौघांत दिसला. व्हर्ननना खोकला झालाय म्हणून परत बोलावलं. आता ठिपके सहा आहेत, एका ओळीत, कमानीसारखे. चुना असा ओळीनं बसत नाही.
त्यांच्या तोंडाला वास येत होता, आठवडाभर न धुतलेल्या डोक्याला येतो तसा, तेलकट, आंबूस. खोकता खोकता म्हणाले, घशात काहीतरी अडकलंय. ब्लांशनं त्यांच्या तोंडात दोन बोटं घातली आणि ओढत ओढत एक केस बाहेर काढला. वीतभर लांब. लाळेनं आणि पिवळ्या चरबीनं माखलेला. तिनं तो रुमालावर पुसला. तांबूस निघाला.
"कुठल्या भवानीचा हा?" म्हणून तिनं त्यांना फैलावर घेतलं. तेही हसले. मग तिचं हसू मावळलं. हळूच मला म्हणाली, लग्नात ह्याचे केस अगदी ह्याच रंगाचे होते.
दुपारचं जेवण गेलं नाही. रोझली बेकरीत काळजाची सॉसेजंही टांगून विकते, त्यांच्याकडे बघवेना.

१९ मार्च, बुधवार
व्हर्नन गेले. माझ्याच टेबलावर.
इको चालू असताना डोळे फिरले. मी छाती दाबायला लागले. प्रत्येक दाबाला आतून कट्-कट् आवाज. बरगड्या मोडल्याचा नव्हता, तो मला ठाऊक आहे. दातावर दात आपटल्याचा होता. मग तोंडातून ते सगळं आलं, पिवळं, दाट, थिजलेल्या तुपासारखं, त्यात केसांचे गुंते. माझ्या हातांवर, मनगटांपर्यंत. कोमट.
डॉक्टरांनी मृत्यूची वेळ लिहिली. खात्री करायला मी इकोचा प्रोब पुन्हा छातीवर ठेवला. हृदय थांबलेलं. पण भिंतीतली ती कमान उघडत होती, मिटत होती. चघळल्यासारखी. मेलेल्या माणसात. चार मिनिटं.
मी कोपऱ्यातल्या बादलीत ओकले.
डॉक्टरांनी दार लावून घेतलं. त्यांना माहीत होतं. डुकरांवर प्रयोग केले तेव्हाच दिसलं होतं म्हणाले. काही पेशी हृदय व्हायचं विसरतात आणि वाटेल ते होतात, केस, चरबी, दात. मी विचारलं, मग आम्हाला का टोचलंत? शांतपणे म्हणाले, एकतिसांतले अठ्ठावीस नाताळ बघणार नव्हते, लिओना. तुम्हीसुद्धा.
आणि हे खरं आहे. त्याचीच जास्त किळस येतेय.

२१ मार्च, शुक्रवार
ब्लांश आली. तो कशानं गेला, खरं सांग, म्हणाली. सांगितलं. इकोची चित्रंही दाखवली. रडली नाही. म्हणाली, मग त्याला उघडून बघायला हवं. पण डॉक्टरांनी तिला न कळवता कालच घाईनं दहन उरकून घेतलं होतं, तिची सही ‘नेहमीचे कागद’ म्हणून घेऊन.
तिनं तो रुमाल पर्समधून काढला, घडी तशीच ठेवून. म्हणाली, एवढं तरी आहे ना?
आहे. रुमाल आणि सगळ्यांची चित्रं मी राज्याच्या वैद्यक मंडळाला पाठवली. आज राजीनामा.

२४ मार्च
मंडळाचा फोन आला. उद्या माणसं येणार, दवाखान्याला टाळं लागणार. बाकीच्या तिसांना बोलावणार म्हणतात. मला ओमाहाला परवा सकाळी नऊला. मोठं हॉस्पिटल. कापून काढता येईल का, विचारलं. बघावं लागेल म्हणाले — भिंतीत कितपत रुजलंय ते —
स्वतःचा इको अजून काढला नाही. हात धजत नाही.

२५ मार्च, सकाळ
तोंडाला चव नाही. नाही, चव आहे. मेणासारखी. चार वेळा दात घासले.
रोझलीनं विचारलं, अंघोळ नाही का केलीस?
केली होती. दोनदा.

२५, दुपार
किल्ली अजून माझ्याकडेच होती. माणसं यायच्या आत दवाखान्यात जाऊन आले. प्रोब स्वतःच्या छातीवर ठेवला.
अकरा ठिपके.
मी श्वास रोखला. कमान थांबली. श्वास सोडला —
लिहवत नाही.

२६ मार्च
पहाटेपासून खोकला. गाडी सुरू करून बसलेय, ओमाहा दीड तास. घशात आहे. जिभेच्या मुळाशी, बोटाला लागतोय —
धरला. काळाभोर. शाळेत माझे केस होते तसा. दोन वेढे बोटाला घेतले, ओढला, येतोय, वीतभर, हातभर, छातीत खोल कुठेतरी ताण बसतो, ओकारी — संपतच नाही —
थांबले जरा. सोडला नाही, बोटालाच गुंडाळलाय. उजव्या हातानं लिहितेय.
मी ओढत नाहीये आता.
बोट तोंडाकडे जातंय. आतून कुणीतरी हळूहळू, चघळत, माझा हात आ