मामांचा आवाज आणि मोरितांचा ठेका

योकोहामा, १० नोव्हेंबर १९९६

तीर्थरूप एलियाझर मामांना एझ्राचा शालोम आणि वाकून नमस्कार.

घशाला आता कसं आहे? पुढच्या महिन्यात ऑपरेशन, तोवर कमी बोला असं डॉक्टरांनी सांगितल्यापासून घरात शांतता आहे, असं मामी लिहितात. (मामी खूश दिसतात.) मी ठीक आहे, फक्त एका जागी बसवत नाही. हे पत्र सकाळपासून चौथ्यांदा लिहायला घेतोय. दोन ओळी झाल्या की उठतो, खिडकी उघडतो, बंद करतो, चहा टाकतो आणि प्यायला विसरतो.

तर झालं असं. शब्बाथची गाणी नीट चालीत म्हणता यावीत म्हणून निघताना तुम्ही तुमच्या आवाजातली कॅसेट दिली होती. दर शुक्रवारी ऑफिसातून लवकर निघून (साहेबांना दातदुखी सांगतो; त्यांच्या मते माझे बत्तीसही किडले असावेत) शब्बाथचा दिवा लावण्याआधी (तो लागला की शनिवार मावळेपर्यंत यंत्राला हात लावत नाही, शपथ) ती लावायचो आणि तुमच्यामागून म्हणायचो. प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. इथे मी एक आणि तुम्ही कॅसेटमध्ये, म्हणजे ओढूनताणून दीड. अशात तुमच्या लेकीने, नंदिनीने, इस्रायलमधल्या अश्दोदहून एक कॅसेट धाडली. मामा, तिकडे हल्ली आपलीच प्रार्थनेची गाणी इलेक्ट्रॉनिक ठेक्यावर वाजवतात आणि लग्नात आजोबासुद्धा त्यावर उड्या मारतात म्हणे! आधी मी कान झाकले. मग पाहतो तर पाय हलतोय. तेव्हापासून तो माझं ऐकत नाही. मीटिंगमध्ये टेबल हलतं आणि सगळे भूकंप समजून वरच्या दिव्याकडे बघतात.

त्यावरून शेजारच्या टेबलाचे मोरिता-सान चौकशीला आले. हा गृहस्थ आठवडाभर प्रोग्रॅम लिहितो आणि सुट्टीत कीबोर्ड अन् ठेक्याचं यंत्र घेऊन बसतो. मी त्याला नंदिनीची कॅसेट ऐकवली, मग (चूक इथे झाली) तुमची. तो डोळे मिटून ऐकत राहिला. म्हणाला, "तुमचे मामा जास्त छान गातात. फक्त खाली ड्रम हवा." पुढच्या रविवारी त्याने तुमच्या कॅसेटवरून दुसरी टेप करून तीत तो घातला. त्याची बायको वॉर्डाच्या हॉलमध्ये व्यायामाचा वर्ग घेते. तिने ती टेप उचलली. मी बघायला गेलो. तीस बायका कपाळाला रंगीत पट्ट्या बांधून तुमच्या चालीवर गुडघे वर घेत होत्या. तुम्ही श्वास घेतलात की टाळी, ध्रुपद आलं की सगळ्या मागून म्हणणार, अर्थ कळत नसताना, आणि आपल्या सिनेगॉगमध्ये मागच्या बाकावर पुटपुटतात त्याहून स्पष्ट! बायका दहांत धरत नाहीत हे मला माहीत आहे. तरी मी मोजल्या. वर्षभरात पहिल्यांदाच तुमच्यामागून म्हणणारा मी एकटा नव्हतो, आणि मला तिथे उभ्याउभ्या रडू आलं.

रागवायचं असेल तर नंदिनीवर रागवा. मामींना नमस्कार.

तुमचा (अजून उभाच)
एझ्रा

ता. क. : कॅसेटच्या पाठीवरची खुंटी मोडून ठेव, नाहीतर एखाद दिवशी पुसून बसशील, असं तुम्ही विमानतळावर दोनदा बजावलं होतंत. मी मोडली नाही.

ता. क. दुसरा : मोरितांची टेप घरी उतरवून घेताना ती मी तुमच्याच कॅसेटवर घेतली. तुमचा नुसता आवाज आता कुठेच उरलेला नाही, उरलाय तो ड्रमसकट. हे लिहायलाच मी सकाळपासून उठबस करतोय. ऑपरेशनच्या आधी, डॉक्टरांना विचारून, एकदा सगळं पुन्हा म्हणाल का? सोबत कोरी कॅसेट पाठवतोय. खुंटी या वेळी तुम्हीच मोडा.

ता. क. तिसरा : श्वास घ्यायच्या जागा मात्र बदलू नका. तीस बायका तिथे टाळी वाजवतात.