पिंडापाशी ठेवलेला खर्रा

मोठे बाबा,

दहाव्याले तुमी आपल्याच खिशातून तंबाखू-सुपारीच्या खर्र्याची पुडी काढून माह्या बाबाच्या पिंडापाशी ठेवली. म्हणे, "त्याले हेच आवडे!" बाबानं जन्मात सुपारीबी चाखली नव्हती. कॅन्सर लिव्हरचा होता, तो जबड्याच्या हाडात उतरला, हे डॉक्टरनं तुमच्यासमोर सांगितलं. तरी सुजलेला गाल पाहून तुमी गावभर खर्र्याचंच सांगत फिरले. बाबाचं तं तोंडच उघडत नव्हतं, तुमाले खोटं कोण पाडणार?

कावळा शिवेना. मंग आईनं भाजलेल्या शेंगा ठेवल्या, ज्या बाबाले शेवटी चावता आल्या नाहीत. कावळा लगेच आला.

हे पत्र मी धाडत नाही. पुडी मात्र जपून ठेवली हाये. तुमच्या दहाव्याले लागंल.

तुमच्या भावाची पोरगी,
वैजयंती
केनवड