महालक्ष्म्यांसाठी घेतलेल्या गोळ्या

गोरखपुर, जबलपुर
रविवार, दुपार

प्रिय श्रीरंग,

हे पाकीट तुझ्या हातात विनतामावशी देतील. त्यांची मुलगी मेलबर्नला बाळंत व्हायची आहे, म्हणून त्या परवा निघतात. तू म्हणशील, रोज फोन असताना हा कागद काहून? अरे, रोजचा फोन कसा असतो ते तुला ठाऊक आहे. तू तिकडून लावतोस, आई स्पीकर चालू करतात, बाबा टीव्हीचा आवाज बारीक करतात आणि मी मधल्या खुर्चीवर बसून ‘हो, जेवले’, ‘हो, बरी आहे’ म्हणते. बायकोनं नवऱ्याला काही विचारायचं तर त्याला ती जागा नाही. मराठी वाचताना तू अडखळतोस म्हणून मोठ्या अक्षरात लिहून राहिले आहे. अडखळलास तर बरंच, हळू वाचशील.

तुझ्या बुधवारच्या मेसेजला मी उत्तर दिलं नाही. रागावली म्हणत असशील, तर हो, रागावलेच आहे. त्या मेसेजकडे येते मी, पण आधी नागपूरला काय झालं ते सांगू दे. मी तुला एवढंच कळवलं की व्हिसाच्या तपासणीची तारीख पुढे गेली, लघवीत प्रोटीन जास्त निघालं आणि व्हिसावाल्यांनी किडनीच्या डॉक्टरचं पत्र मागितलं. बाकीचं गिळून टाकलं. आणि आई तुझ्याशी महिनाभर फक्त भाजीच्या भावांवर बोलतात, ते उगाच नाही, श्रीरंग.

मला ल्युपस आहे हे मी तुला पहिल्या भेटीतच सांगितलं होतं. आठवतं ना? कॉफी यायच्या आधीच सांगून टाकलं, म्हणजे उठून जायचं तर बिल तरी वाचेल. घरचाच कुत्रा घरच्यांना चावतो तसा आजार आहे, अंगाचं रक्षण करायचं ते अंगालाच खातं, गोळ्या जन्मभर, एरवी मी तुझ्याहून जास्त जिने चढते, असं सगळं बोलले. तू हसलास आणि म्हणालास, बस इतकंच? त्या हसण्यावर मी भाळले, खोटं कशाला बोलू. पण आईंना कळवायचं निघालं तेव्हा तू म्हणालास, लग्न होऊ दे, मग मी सांगतो. लग्न झालं. मग म्हणालास, मी जाण्याआधी सांगतो. गेलास. मग व्हिसा आला की सांगू. माझी मम्मीसुद्धा तुझ्याच बाजूची, कशाला आपल्या हातानं मोडता घालायचा म्हणे. मी मात्र माझ्या गोळ्या कॅल्शियमच्या डब्यात लपवून तुझ्या घरी राहिले, आणि आई चारचौघींत सांगायच्या की आमची सून बघा, स्वतःच्या तब्येतीची किती काळजी घेते.

मग महालक्ष्म्या आल्या. नव्या सुनेचं पहिलं वर्ष, मुखवटे मीच बसवायचे, साडी मीच नेसवायची, हे आईंनी आषाढापासून ठरवून ठेवलेलं. आणि माझी तारीख नेमकी जेवणाच्या दिवशी. आईंनी माझ्यावर काही आवाज चढवला नाही, हे तुला सांगायलाच हवं. कोपऱ्यावरच्या मेडिकलमधून पाळी लांबवायच्या गोळ्या स्वतः आणल्या, दुधाच्या पेल्याबरोबर माझ्या हातावर ठेवल्या आणि म्हणाल्या, घे बाई, सगळ्याच घेतात, मी तुझ्या वयाची होते तेव्हा दर सणाला घेतल्या, काही होत नाही. माझ्या डॉक्टरांनी मला बजावून ठेवलं होतं की असल्या गोळ्या त्यांना विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत. डॉक्टर तेव्हा गावाला गेलेले. मी गच्चीवर जाऊन तुला फोन केला. तू काय म्हणालास ते तू विसरला असशील. म्हणालास, घे ना यार, दोन-चार दिवसांचा तर प्रश्न आहे, एवढ्यासाठी काहून तमाशा करून राहिली?

घेतल्या. मुखवटे बसवले, सोळा भाज्या, पुरण, आंबिल, सगळं पार पडलं. गोरखपुरातल्या निम्म्या बायका येऊन माझं तोंड बघून गेल्या. ते तोंड सुजलेलं होतं रे. पायांत जोडवी रुतत होती. आई कौतुकानं म्हणाल्या, सासरचं अन्न मानवलं हिला. मला कळत होतं की हे अन्न नाही, पण कोणाला सांगणार? तू झोपलेला असायचास.

नागपूरची तारीख त्यानंतर लगेच होती, आणि पुन्हा ती मिळायला महिना गेला असता. तुझा दोस्त अनुपमभैया, त्याच्या गाडीनं आम्ही निघालो, मी आणि आई. मी एकटी जाते म्हटलं तर ऐकेनात. सिवनीला चहाला उतरलो तेव्हा पोटात कळ आली आणि मला कळलं. लांबवलेली पाळी नेमकी त्या सकाळी आली. आता लघवीची तपासणी होते कशी? मनात आलं, पोटाचं कारण सांगून परत फिरावं. पण आई देवाचं नाव घेत बसलेल्या, पदराखाली तुझा लहानपणचा फोटो घेऊन. कशाला, तर डॉक्टरला दाखवायला, की बघा, याच्याकडे जायचंय हिला!

त्या दवाखान्यात नातेवाईकांना आत सोडत नाहीत. पण आपल्या आई म्हणजे आई, पोर घाबरते म्हणून शिरल्याच, आणि त्या डॉक्टरीणबाईंनी कपाळाला आठी घालून बसू दिलं. उंची झाली, वजन झालं, डोळे झाले. रक्तदाब घेतला, थांबल्या, पुन्हा घेतला. मग प्रश्न सुरू झाले आणि माझ्याआधी आई उत्तरं देऊ लागल्या. मोठा आजार? छे हो. ऑपरेशन? नाही. रोजचं औषध? कॅल्शियम घेते, बाकी ठणठणीत आहे पोर. मी खाली फरशीकडे बघत होते. मग त्यांनी लघवीची बाटली पुढे केली तेव्हा मला सांगावंच लागलं की आज जमणार नाही. तारखेचा घोळ कसा झाला विचारलं, तर आईंनीच अभिमानानं सांगितलं, महालक्ष्म्या होत्या ना, मीच गोळ्या दिल्या होत्या. डॉक्टरीणबाईंनी माझ्या सुजलेल्या पायांवर बोट दाबलं. खळगा पडला तो भरेचना. मग त्या पेन खाली ठेवून म्हणाल्या, बेटा, इधर देखो. और कौनसी दवाई लेती हो?

श्रीरंग, तेवढ्या वेळात माझ्या डोक्यातून काय काय गेलं ते तुला कळायचं नाही. खोटं बोलले तर आजच्यापुरतं निभावलं असतं. पण त्या देशाला खोटं सांगून तिथे जायचं आणि मग जन्मभर दारावरची बेल वाजली की दचकायचं? आणि खरं बोलले तर शेजारच्या खुर्चीवर तुझी आई. मी म्हटलं, मुझे ल्युपस है, चौथा साल है. सगळ्या गोळ्यांची नावं सांगितली. डॉक्टरीणबाईंनी लिहून घेतलं आणि सहज विचारलं, पति को पता है? मी म्हटलं, जी, शादी के पहले से.

त्या ‘जी’वर आईंनी माझ्याकडे पाहिलं. ओरडल्या असत्या तर मी सोसलं असतं. त्यांनी नुसता तुझा फोटो पिशवीत टाकला आणि चेन ओढली.

परतीच्या वाटेवर अनुपमभैयानं गाणी लावली, आईंनी बंद करायला लावली. मी मनात बॅग भरत होते. दीक्षितपुऱ्याला मम्मीकडे कशी जाईन, काय सांगेन, सगळं जुळवून ठेवलं होतं. सिवनीला, चहाच्या टपरीवर आई एकदम म्हणाल्या, मला माहीत असतं तर मी तुला त्या गोळ्या दिल्या असत्या का गं? आणि रडायला लागल्या. चारचौघांत, डोळ्यांना पदर न लावता. म्हणाल्या, माझ्या हातानं दिल्या. दुधाबरोबर दिल्या. माझ्या पोरानं मला सांगितलं नाही, आणि माझ्या हातून पाप करवून घेतलं.

मी समजावलं की ही सूज त्या गोळ्यांनीच आली असं नाही. आपल्या डॉक्टरांनीही नंतर तेच सांगितलं, आजार कदाचित आधीच उसळत असेल, गोळ्यांवर सगळं ढकलता येत नाही, पण न विचारता घ्यायला नको होत्या. आईंना ते पटलं नाही, अजून पटलेलं नाही.

आता त्या एकदम देवमाणूस झाल्या असं समजू नकोस. दोन दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. मम्मीला फोन करून असं फैलावर घेतलं की बाबा गच्चीवर जाऊन बसले. ‘विहीणबाई, भांडं घेताना आम्ही वाजवून घेतलं नाही म्हणून तुम्ही फुटकं खपवलंत’ असंही म्हणाल्या, आणि ते मी ऐकलं, आणि खूप लागलं. मग तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी एक तपासणी लिहून दिली. दिवसभर आणि रात्रभराची सगळी लघवी एका मोठ्या कॅनमध्ये साठवायची, आणि कॅन थंड ठेवायचा. थंड कुठे ठेवणार? मी बाथरूममध्ये बादलीत बर्फ भरून त्यात कॅन ठेवला. पाहते तर बर्फ विरघळलेला, आणि कॅन जागेवर नाही. तुझ्या आईनं, पाळीत लोणच्याच्या बरणीला हात लावू न देणाऱ्या बाईनं, फ्रिजचा खालचा कप्पा रिकामा करून त्यात तो कॅन ठेवला होता. वरच्या कप्प्यात दही. मी म्हटलं, आई, अहो! तर माझ्यावरच डाफरल्या, रिपोर्ट चुकला तर पुन्हा सगळं करशील का? सकाळी रिक्षात तो कॅन मांडीवर घेऊन बसल्या आणि प्रत्येक खड्ड्याला रिक्षावाल्याला दटावत होत्या, भैया, धीरे! मला इतकं हसू आलं आणि तितकंच रडू आलं.

रिपोर्ट वाईट आला. किडनीचा तुकडाही काढून तपासला. आता जोराची औषधं सुरू आहेत, वर्षभर तरी, त्यांच्यावर असेपर्यंत मूल नाही. डॉक्टर म्हणतात आटोक्यात येईल, पण सगळं पूर्वीसारखं होईल असा शब्द ते देत नाहीत. आणि तिकडच्या लोकांचा प्रश्न सरळ आहे, ही बाई आपल्या देशावर किती भार टाकेल? नकार येऊ शकतो. मग सूट द्या अशी विनंती करता येते, पण वकिलानं सांगितलंय, वेळ लागेल, भरवसा नाही.

म्हणूनच तुझा बुधवारचा मेसेज. ‘अनुपमच्या ओळखीतले एक डॉक्टर आहेत, त्यांच्याकडून साधं पत्र घे, सौम्य आजार म्हणून. किडनीचं लिहू देऊ नको. आईला काही बोलू नको.’ मी तो किती वेळा वाचला काय सांगू. तू माझ्यासाठीच करतोयस, मला कळतं. मला न्यायचं म्हणूनच तू तिकडे एकटा, हातानं पोळ्या लाटून, दिवस काढतोयस, तेही कळतं. पण त्या मेसेजमध्ये ‘तू कशी आहेस’ हे कुठेच नव्हतं रे. तो आईंना मी दाखवलेला नाही. तेवढं तुझं मी झाकलं आहे.

खरा रिपोर्ट, किडनीच्या डॉक्टरच्या सहीचा, मी काल व्हिसावाल्यांना पाठवून दिला. आता तो परत घेता येत नाही. हे तुला फोनवर सांगितलं असतं तर तू स्पीकरवर ‘बरं केलंस’ म्हणाला असतास, आणि ते खरं की आईंच्या भीतीनं, हे मला कधीच कळलं नसतं. म्हणून कागदावर विचारते, आणि उत्तरही कागदावरच दे, विनतामावशी परत येतील तेव्हा. नकार आला तर तू परत येशील का? आईंना हा प्रश्नच पडलेला नाही. त्या म्हणतात, येईल नाही तर जाईल कुठे, माझा मुलगा आहे. आणि वर म्हणतात, नाही आला तरी तू इथंच राहायचंस, तुझ्या औषधांच्या वेळा मला पाठ झाल्या आहेत. त्या तुला जन्मापासून ओळखतात आणि मी या फेब्रुवारीपासून. तरी मला भीती वाटते की ह्या एका गोष्टीत मी तुला जास्त ओळखते, की तू म्हणशील, आधी व्हिसाचं होऊ दे, मग बघू. मला खोटं पाड, श्रीरंग.

अजूनही तुझीच,
रुचिरा