मंगळवारी दिसणारा पक्षी

४ जाने. २००९, रवि.
वेताळ टेकडी. मी, मिलिंद, सुजाता. सलग पाचवा रविवार. गेल्या पाच वर्षांत लग्नकार्यं सोडली तर आम्ही तिघं भावंडं पाच वेळा एकत्र बसलो नसू. सुजाता खूश. 'भावाला बहिणी आठवल्या, आणखी काय हवं?' मला कारण हवं.
मि. वाघोलीहून अंधारात निघतो. घर वाघोलीत, ऑफिस खराडीत, आणि फिरायला यायचं कर्वेनगरला माझ्याकडे, शहराच्या दुसऱ्या टोकाला. विचारलं तर म्हणतो, 'तुझा रव्याचा केक तिकडे मिळत नाही.' केक आज खरंच छान झाला होता. वरून जरा जास्त भाजला, पण चालतं. तीन तुकडे एकट्यानं खाल्ले.
बायकोला कधी आणत नाही. 'प्रज्ञाला रविवारी झोपू दे.'
बरं.

११ जाने., रवि.
खाणीच्या वर बाभळीवर खाटीक पक्षी. करडा, डोळ्यांवर काळी पट्टी, चोरासारखी. मि. म्हणाला, 'हा दुपारी तीनच्या सुमारास इथे शिकार आणतो. सरडा त्या काट्याला टोचतो आणि सावकाश खातो. मंगळवारी दोन टोचले होते.'
मंगळवारी?
आम्ही येतो रविवारी. सकाळी सहाला. नऊला घरी.
उतरताना सु.ला हळूच विचारलं. म्हणाली, 'इंटरनेटवर वाचलं असेल. ताई, तुला सगळ्यांत काळंबेरं दिसतं.'
इंटरनेटवर आमची बाभळ आहे का?

१४ जाने., बुध.
तिळगूळ घेऊन मि. दारात. संध्याकाळचे पाच. खराडीहून पाचला इथे पोचायचं तर साडेतीनला तरी निघायला हवं. 'आज लवकर सुटलो.' गळ्यात ऑफिसच्या कार्डाची निळी पट्टी, कार्ड खिशात. बुटांना माती.
नानकटाई शिकव म्हणाला. ज्यानं आयुष्यात चहा केला नाही तो! पुन्हा वर मलाच प्रश्न. 'तूप अंदाजे म्हणजे किती ग्रॅम?' 'अंदाजे म्हणजे पीठ मागेल तेवढं.' 'ताई, पीठ मागत नाही.' सगळं वहीत लिहून घेतलं. पहिला घाणा पसरला, दुसरा जमला. ओव्हनसमोर उकिडवा बसून काचेतून बघत होता, लहानपणी गोट्या खेळायला बसायचा तसा.
गेल्यावर विचार करत बसले. कोणी बाई

(खोडलं. लिहायलाही नको.)

१८ जाने., रवि.
आज ते दोघं पुढे, मी मागे. कुजबुज चालली होती. मी जवळ गेले तशी बंद.
'काय?'
'काही नाही. घुबड.'
घुबड कुठेच नव्हतं. केकचा डबा अर्धा परत आला.

२० जाने., मंगळ.
कॉलेजच्या ग्रंथालयातून अर्धा दिवस रजा. डोकं दुखतंय सांगितलं. पस्तीस मिनिटं चढ, भर उन्हात, साडी नेसून. तीनला दहा कमी असताना खाणीपाशी.
होता.
इस्त्रीचा शर्ट, ऑफिसची बॅग, शेजारी प्रज्ञानं दिलेला डबा उघडा. मांडीवर दुर्बीण. मला पाहून उठला नाही, दचकला नाही. नुसतं म्हणाला, 'ताई, हळू. उडेल.'
बसले शेजारी. खाटीक आला, बसला, गेला. रिकामाच आला होता. मग मी त्याच्या गळ्यातली पट्टी ओढून खिशातून बाहेर काढली. पुढे नुसतं प्लास्टिकचं पाकीट. आत काही नाही.
'कार्ड जमा करून घेतात,' म्हणाला.
नोव्हेंबरच्या शेवटी वरच्यांनी त्याला सात नावं मागितली होती, त्याच्या टीममधली. कमी करायची म्हणून. त्यानं सहा दिली. सातवं कोणाचं लिहायचं ते दोन दिवस ठरेना. एकीला सातवा महिना, एकाचं नुकतंच लग्न. मग स्वतःचं लिहिलं.
'आणि प्रज्ञा?'
'तिला काय सांगू? काढलं म्हटलं तर माझी कीव करेल. स्वतःहून गेलो म्हटलं तर कधी माफ करणार नाही.'
रोज सकाळी आठला घर सोडतो. वाघोली-खराडीत ओळखीचे फार, म्हणून इकडे. जवळजवळ दोन महिने.
बाबा आठवले. अकोल्याहून टपालखात्यात लागून पुण्याला आलेले. मि.चं नोकरीचं पत्र त्यांनी विहारात वंदना झाल्यावर सगळ्यांपुढे वाचून दाखवलं होतं, इंग्रजीतून, एकेक शब्द सावकाश. निम्म्यांना समजलं नव्हतं. तरी टाळ्या.
डब्यातली पोळी त्यानं माझ्यापुढे केली. खाल्ली. मेथीची भाजी होती.

२१ जाने., बुध.
झोप नीट नाही. एक गोष्ट सारखी टोचते. स्वतःचं नाव लिहिलं, हे खरं कशावरून? की त्याचंही नाव दुसऱ्या कोणी दिलं? त्याच्याकडून सहा जशी गेली तसं.
आणि खरं असेल तर ती सहा माणसं? त्यांच्याबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. मीही विचारलं नाही.
सख्ख्या भावाबद्दल असं मनात येतं. मीच वाईट आहे का.
सु.ला फोन. तिला माहीत नाही. घुबडाचं काय ते मात्र कळलं. 'एका मित्रासाठी' ती शिकवते त्या शाळेत संगणक शिकवायची जागा आहे का, असं मि. विचारत होता. 'ताईला सांगू नको, ती लगेच तपास लावेल.'
लावलाच.

२५ जाने., रवि.
टेकडी. मि. नेहमीसारखा. शिक्रा दाखवला, पिवळा सुभग पक्षी दाखवला. सु. हसत होती. मी पण हसले. एकदा तो माझ्याकडे बघून थांबला, नंतर दुर्बीण माझ्या हातात दिली. काही दिसेना. फिरवायचं ते चाक कुठे असतं तेही कळेना.
खाली उतरल्यावर म्हणाला, 'थोडे दिवस दे, ताई.' किती, ते नाही सांगितलं.

२९ जाने., गुरु.
घरची किल्ली दिली आहे त्याला. उन्हात बसण्यापेक्षा बरं. कॉलेजातून आले तर घरभर तुपाचा वास. ताटात नानकटाया, सगळ्या एका मापाच्या, ओळीनं. माझ्या कधी अशा येत नाहीत. चव? वेलदोडा कमी. सांगितलं. वहीत लिहून घेतलं.
'धंदा काढतोस की काय?'
'आधी जमू तर दे.'
हे उत्तर आहे का? जाताना चेहरा मात्र बरा होता. किती दिवसांनी.
पण आता मीही प्रज्ञाशी खोटं वागते आहे. तिचा नवरा दिवसभर माझ्या स्वयंपाकघरात, आणि ती समजते खराडीत.

३१ जाने., शनि.
दुपारी प्रज्ञाचा फोन. आधी माझी तब्येत, मग हवा, मग कॉलेज. ही उगाच फोन करणारी नाही. मी वाट बघत राहिले.
'ताई, एक विचारू? यांच्या ऑफिसच्या शर्टाला मैदा कसा लागतो?'
मी म्हटलं, 'मैदा?'
'बाहीला. कोपरापर्यंत.'
म्हटलं, 'त्यालाच विचार की.'
'विचारलं असतं.' तिच्याकडे मागे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, 'उद्या मीही येते टेकडीवर. त्यांना आधी सांगू नका.'
'ये ना. त्यात काय.'
मि.ला कळवावं का? त्याचा भरवसा माझ्यावर, आता हिचाही. दोनदा फोन उचलला, ठेवला. रवा भिजवला आहे, चौघांपुरता.
आणि फोन ठेवताना ती जे बोलली ते अजून कानात आहे. एकदम सरळ आवाजात. चिडून नाही, रडून नाही.
'रविवारी तरी त्यांना सुट्टी असते ना, ताई?'